वाळूची साक्ष काढणारे शिंगाडे सर

"त्यो म्हातारा वाळू खातो. म्या डोळ्यानं बघितलं."

तुराट्यांच्या कुडापलीकडून हे वाक्य आलं तेव्हा मी कुडाच्या अलीकडे उभी राहून वहीत विहिरीचं माप लिहीत होते. बोलणाऱ्या गयामावशी होत्या, हे मला नंतर कळलं. ऐकणारीनं विचारलं, येडा हाय का? त्यावर गयामावशी म्हणाल्या की येडा असता तर काही वाटलं नसतं, पण हा लई हुशार हाय. हुशार माणूस काही कारण असल्याबिगर वाळू कावून खाईल?

मी समोर पाहिलं. दहा हातांवर, कोरड्या विहिरीच्या काठाशी शिंगाडे सर उकिडवे बसले होते आणि खरोखरच वाळू चावत होते.

चिमूटभर वाळू मागच्या दाढेखाली धरायची, डोळे मिटायचे, दोनदा जबडा फिरवायचा आणि थुंकायचं. पूर्वी ते नंतर चूळ भरत असावेत. पण टँकरवर जगणाऱ्या गावात चुळीचं पाणीसुद्धा लोक डोळ्यांनी मोजतात, हे त्यांच्या दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं आणि ते कोरडंच थुंकू लागले. दाढेखाली करकरलं तर त्यात रेतीचा अंश आहे, लोण्यासारखं पसरलं तर चिकणमाती, इतकं आम्हालाही शिकवलं होतं. फक्त सर त्याला साक्ष काढणं म्हणत. वाळू पहिल्यांदा विचारलं की खोटंच सांगते, असं त्यांचं ठाम मत होतं. म्हणून एकाच जागेची वाळू ते तीनदा चावत, तीन वेगवेगळ्या वेळी.

सर सिरसाळ्याकडचे, मेंढपाळाच्या घरातले. वडिलांच्या मेंढरांमागे फिरलेला मुलगा भूगर्भशास्त्र शिकला आणि नोकरीची सगळी वर्षं कोकणच्या किनाऱ्यावर राहिला. समुद्रानं फार पूर्वी टाकलेली आणि आता माती, नारळ, घरं यांच्याखाली दबलेली वाळू शोधायची, ती कुठून आली आणि किती जुनी हे ठरवायचं, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन ते गावी परतले, तेव्हा बीड जिल्ह्यात दुष्काळाचं लागोपाठचं दुसरं वर्ष चालू होतं.

तलवाड्याकडून माजलगावला जाताना लागणाऱ्या या गावात एक उपसा सिंचन सहकारी संस्था होती. उपसायला काही उरलं नव्हतं, तरी संस्था होती. साखर कारखान्यानं तिला पोकलेन यंत्र द्यायचं कबूल केलं होतं, फक्त चार दिवसांसाठी, उन्हाळ्याच्या शेवटी. म्हणजे विहीर एकच होणार. ती कुठे घ्यायची, एवढा प्रश्न होता, आणि तो सोडवायला भूजल विभागानं सरांना सांगितलं होतं.

खालच्या वस्तीजवळच्या जुन्या विहिरीत काळ्या मातीखाली वाळूचा थर लागला होता. ती वाळू नदीच्या दबलेल्या जुन्या पात्रातली असेल तर तो पट्टा मातीखाली लांबवर गेलेला असणार, त्यात पाणी मुरलेलं असणार आणि तीच विहीर रुंद करून आणखी खोल नेणं शहाणपणाचं. पण धरणाचं आणि कालव्याचं काम चालू होतं तेव्हा इथे कुठेतरी ठेकेदारानं मुरमासाठी मोठा खड्डा खणला होता आणि जाताना उरलीसुरली वाळू आणि माती त्यात लोटून दिली होती, असंही म्हातारे सांगत. नेमका कुठे, यावर दोन म्हाताऱ्यांचं एकमत होत नव्हतं. ही वाळू त्या खड्ड्यातली असली तर तिच्यातलं पाणी चार बादल्यांत संपणार. मग यंत्र वरच्या अंगाला लावायचं. तिथे खडकात पाणी लागण्याची थोडी आशा होती, आणि ती जागा संस्थेचे चेअरमन सर्जेराव आबा यांच्या बांधाला लागून होती. खालच्या वस्तीला तिथून पाणी आणायचं म्हणजे दीड मैल चालायचं.

त्यामुळे गावात कुणाचाच कुणावर विश्वास नव्हता. खालच्या वस्तीला वाटे, सर आबांनी आणलेले आहेत. आबांना वाटे, सर वाळूवाल्यांचे आहेत, थर कुठवर पसरलाय ते बघून जातील आणि पाठोपाठ ट्रॅक्टर येतील. सरांना दोघांचाही संशय होता, आणि माझाही.

विभागानं मला त्यांच्या मदतीला पाठवलं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "मॅडम, मदतीला पाठवलंय की लक्ष ठेवायला?"

इंग्रजी शाळेत शिकलेल्या माणसाची मराठी अशा वेळी दोन पावलं मागे उभी राहते, माझीही राहिली. सरांनी माझ्या गप्प बसण्याचा अर्थ लक्ष ठेवायला असाच लावला. दुसऱ्या दिवशी एक डबी पुढे करून त्यांनी विचारलं की ही वाळू कुठली. मी भिंगाखाली बघून सांगितलं, नदीची, बरीच लांबून आलेली, कडा घासलेल्या आहेत. ते म्हणाले, बरोबर, पण मी ती तुमच्या खोलीसमोर बांधकाम चाललंय तिथून उचलली. तुम्ही रोज तिच्यावरून चालता आणि ओळखली नाहीत. त्यात रागावणं नव्हतं. त्यांनी नोंद केल्यासारखं मान हलवली आणि डबी खिशात टाकली.

त्यांच्या वहीत कोणत्याही जागेचं खरं नाव नसे. वाळूवाल्यांच्या हाती वही पडली तर काय, ही भीती त्यांना कोकणापासून होती. म्हणून प्रत्येक जागेला त्यांनी वडिलांच्या कळपातल्या एकेका मेंढीचं नाव दिलं होतं. रत्नागिरीच्या बाजूची एक नारळाची वाडी त्यांच्या वहीत 'कपिली' होती, एका खाडीचं मुख 'शिंगमोडी'. आमची विहीर 'लंगडी'. प्रयोगशाळेला जाणाऱ्या कागदावरही 'लंगडी-१' असंच लिहिलेलं असे. एकदा मी विचारलं की कळपात अशी मेंढी खरंच होती का. "होती," ते म्हणाले. "लांडग्यानं नेली." मग जरा वेळानं म्हणाले, "लांडग्यानं नेली असं बाप सांगायचा. मला बाजाराचा संशय होता."

कपिलीची गोष्ट ते खुशीत असले की सांगत. त्या वाडीचा मालक अभिमानानं म्हणायचा की ही सगळी वाळू माझ्या पणजोबानं किनाऱ्यावरून बैलगाड्यांनी आणून टाकली, म्हणून नारळ इतके चांगले आले. सरांनी तिथे छातीएवढा खड्डा घेतला. आत शिंपल्यांचे थर होते. माणसानं ओतलेले शिंपले कसेही पडतात, सर म्हणाले, काही उताणे, काही पालथे, काही उभे. इथे बहुतेक सगळे पालथे होते. पाण्याच्या ओढीत शिंपला पालथा पडला की पक्का बसतो, उताणा असला की पुन्हा उलटतो. म्हणजे ती वाळू पाण्यानं मांडलेली होती. पणजोबांच्या कितीतरी आधी समुद्र तिथवर येत होता. मालक चिडला, म्हणाला, माझ्या पणजोबांना खोटं ठरवता? सर म्हणाले, पणजोबांना नाही, वाळू आणल्याचं ज्यानं पहिल्यांदा सांगितलं त्याला.

आमच्या गावातही समुद्र निघालाच. विहिरीतून काढलेल्या ढिगात एका सकाळी तळहाताएवढा शंख सापडला. बातमी खालच्या वस्तीतून वर जाईपर्यंत लोक जमले, कुणी नारळ घेऊन आलं. संस्थेचे सचिव नामदेव काका तर म्हणाले, इथं समिंदर हुता हे लिवून द्या, म्हंजी सरकार आपोआप येतंय. सरांनी शंख हातात घेतला, फिरवला, भिंग लावलं. मग खिशातून काडेपेटी काढली आणि एका काडीनं शंखाच्या आतल्या वळणातून काहीतरी कोरून तळहातावर घेतलं. लालसर पूड होती.

"समुद्राला कुंकू कोण लावतं?" त्यांनी विचारलं.

सर शंख घेऊन सरळ गयामावशींच्या दारात गेले, तो त्यांच्या देवघराच्या फळीवर ठेवला आणि परत आले. हे कसं ओळखलं असं मी विचारलं, तेव्हा म्हणाले की सगळे शंखाकडे बघत होते, त्या एकट्या माझ्याकडे बघत होत्या. गयामावशींनी नंतर चहा आणून दिला. त्यांचं म्हणणं मला अजून आठवतं. सायब आपल्या बाजूचं हाय का त्यांच्या, ते बघायचं हुतं. आपल्या बाजूचं असतं तर समिंदर हाय म्हणून दडपून बोललं असतं. आता कळना कुणाच्या बाजूचं हाय.

ते खरंच कुणाच्या बाजूचे नव्हते, आणि कुणाच्याच बाजूचा नसलेला माणूस गावाला सर्वांत जास्त संशयास्पद वाटतो.

डोळ्यांनी आणि दातांनी विहिरीचा निकाल लागणार नव्हता, हे सरांनाही कळत होतं. नदीच्या वाळूच्या वरची काळी माती साक्षीला घेण्यासारखी नसते. उन्हाळ्यात तिला हात हात खोल भेगा पडतात, वरचं खाली जातं, पावसात ती फुगते आणि खालचं वर येतं. ती स्वतःच स्वतःला उलथीपालथी करत असते, त्यामुळे कालव्याची लोटलेली माती आणि मुळातली माती थोड्या वर्षांत सारखीच दिसू लागते. उरला एकच उपाय, वाळूलाच तिचं वय विचारायचं.

ते कसं विचारतात हे त्यांनी मला पहिल्यांदा नीट समजावलं तो दिवस त्यांच्या-माझ्यातला सर्वांत बरा दिवस होता. वाळूचा कण उघड्यावर असतो तोवर ऊन त्याला पुसत राहतं. तो गाडला गेला, अंधारात गेला की आजूबाजूच्या मातीतला किरणोत्सर्ग त्याच्यात थेंब थेंब साठायला लागतो. प्रयोगशाळेत त्याच्यावर प्रकाश टाकला की साठलेलं तो सोडून देतो, आणि किती सोडलं त्यावरून तो किती वर्षं अंधारात होता ते काढता येतं. पण मधे एकदा जरी ऊन लागलं तरी सगळं पुसलं जातं. मग हजारो वर्षांची वाळू आदल्या दिवशी गाडल्यासारखी बोलते. त्यामुळे नमुना घेताना वाळूला दिवस दिसता कामा नये.

सर शिडीनं विहिरीत उतरले. डोक्यावरून काळी चादर घेऊन त्यांनी भिंतीचा वरचा वाळलेला थर खरवडला आणि लोखंडी नळी आडवी ठोकली. दोन नळ्या ठोकल्या. पहिली आतल्या गोट्यावर वाकली. दुसरी भरून आली. तिची दोन्ही टोकं बंद करून त्यांनी काळी चिकटपट्टी गुंडाळली आणि पट्टीच्या जोडावर आडवी सही केली, म्हणजे पट्टी निघाली तर सही तुटेल. नळी त्यांनी स्वतःच्या पिशवीत ठेवली आणि पिशवी उशाशी.

पण त्याच आठवड्यात वाळू चावता चावता त्यांची दाढ मोडली. दोन दिवस त्यांनी गाल धरून काढले, तिसऱ्या दिवशी सूज डोळ्यापर्यंत गेली. शेवटी ते माजलगावला दातांच्या डॉक्टरांकडे निघाले. नळी बरोबर नेत होते, पण बस पकडताना विचार बदलला. बसच्या टपावर, बाजारात, दवाखान्यात ती तापेल, कुणी उघडेल, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, खोलीबाहेर काढू नका. विश्वासानं दिली नव्हती. मोजून दिल्यासारखी दिली.

दुपारी आबा, नामदेव काका, गयामावशी आणि आणखी दोन सभासद आले. संस्थेचा एक नियम होता. काही वर्षांपूर्वी संस्थेची मोटार दुरुस्तीला गेली होती आणि परत आली ती वरून तीच, पण आतून दुसरी. तेव्हापासून संस्थेच्या हद्दीतून जाणारी कोणतीही वस्तू पाच जणांनी उघडून बघायची, पंचनामा लिहायचा, सह्या करायच्या आणि मगच ती जायची. नळी उद्या प्रयोगशाळेकडे जाणार हे त्यांना ठाऊक होतं. ते चोरून आले नव्हते. नामदेव काकांनी शाई आणि शिक्कासुद्धा आणला होता.

मी म्हणाले, उघडू नका, उन्हात ती खराब होते.

"वाळू खराब होती?" नामदेव काकांनी विचारलं. "ती काय दूध हाय का, ताई?"

सगळे हसले. आबा हसले नाहीत. ते मला शांतपणे म्हणाले की तुमच्या सायबावर आमचा राग नाही, पण झाकलेली वस्तू गावातून जाऊ देणार नाही. मग आत काय आहे ते तुमीच लिवून द्या, सही करा. मी लिहून दिलं असतं तर कदाचित त्यांनी ऐकलं असतं. पण किरणोत्सर्ग, ऊर्जा, कण, हे सगळं मला इंग्रजीत येत होतं, आणि पाच माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी नळी दिली.

नामदेव काकांनी पट्टी इतक्या हळुवारपणे सोडवली की सही फाटली नाही, उकाड्यानं गोंद पातळच झाला होता. अंगणात वर्तमानपत्रावर वाळू ओतली. गयामावशींनी बोटानं ती पसरली, काही चमकतं का ते बघितलं, शेवटी चिमूट दातांखाली धरली आणि थुंकल्या. मग कागदाची घडी करून वाळू परत नळीत भरली. पंचनाम्यात लिहिलं गेलं: वाळू, काळपट, ओलसर, इतर काही आढळून आले नाही. पाच सह्या झाल्या. हजर म्हणून सहावी माझी. पट्टी परत गुंडाळताना सहीची दोन टोकं जुळेनात, तेव्हा ती मी जुळवून धरली.

संध्याकाळी सर आले. गालात कापूस होता. त्यांनी नळी हातात घेतली, सहीवरून अंगठा फिरवला आणि पहिल्यांदाच मला म्हणाले, "चांगलं केलंत."

तेव्हाच बोलायचं होतं. मी स्वतःला सांगितलं की मधली वाळू कदाचित वाचली असेल. पण ओतलेल्या वाळूला मधली बाजू नसते, हे मला माहीत होतं. मग म्हटलं, निकाल विचित्र आला की सर स्वतःच ओळखतील. ते तर ज्याच्या त्याच्यावर संशय घेतात. मी त्यांच्या संशयाच्या आधारावर गप्प राहिले. पंचनामा करणाऱ्या पाच जणांना तर वाळू परत भरली म्हणजे काही बिघडलं असं वाटतच नव्हतं, त्यामुळे त्यांनीही विषय काढला नाही.

निकाल दोन महिन्यांनी आला. तो विचित्र नव्हता. लंगडी-१ चं वय जेमतेम काही दशकं, जवळपास काहीच नाही. धरणाच्या कामाशी ते अगदी जुळत होतं. सरांना पहिल्या दिवसापासून ठेकेदाराचाच संशय होता, आणि जो माणूस प्रत्येक वाळूला तीनदा विचारायचा त्यानं या कागदाला एकदाही विचारलं नाही. त्याला पाहिजे तेच कागदानं सांगितलं होतं.

हा निकाल वाचायला भरलेल्या सभेनंतर आमचं काम वेगळं झालं. सर गेल्याचं मला पुढच्या वर्षी फोनवर कळलं. त्यामुळे त्यांचा चेहरा आठवायचा म्हटलं की मला संस्थेच्या गोदामातली ती सभाच दिसते. दुसऱ्या दिवशी पोकलेन येणार होतं. खताच्या रिकाम्या पोत्यांवर माणसं बसली होती, दारात खालच्या वस्तीतल्या बाया उभ्या होत्या, गयामावशी सर्वांत पुढे. सर नेहमीप्रमाणे भिंतीला पाठ लावून बसले होते. डाव्या गालाला मोडलेल्या दाढेची खळी पडली होती.

त्यांनी कागद वाचला. ही वाळू नदीची नाही, ठेकेदाराची आहे, म्हणाले. इथे यंत्र लावलं तर चार दिवस वाया जातील. वरच्या अंगाला लावा. दारातल्या बाया हलल्या नाहीत. गयामावशींनी पदर तोंडात धरला आणि आबांकडे पाहिलं. आबांनी मान खाली घातली. जागा त्यांच्या बांधाला लागून होती आणि त्यांनाही ते अवघड झालं होतं, हे मला तिथूनही दिसलं.

मग आबा म्हणाले, "सर, तोंडी नको. लिवून द्या. सही करा. उद्या कुणी म्हणायला नको, चेअरमननी जागा वळवली."

नामदेव काकांनी कागद आणि पेन पुढे केलं. मागून कुणीतरी विचारलं की नळीतली वाळू बदलली नाही कशावरून. असल्या प्रश्नावर सर एरवी खूश व्हायचे. त्यांनी प्रश्न विचारणाऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नळी या मॅडमकडे होती," ते म्हणाले. "या पोरीवर माझा संशय न्हाई."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि कागद गुडघ्यावरच्या वहीवर ठेवला. तारीख लिहिली. मी पोत्यावरून उठले. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

"सर, सही करू नका. तुम्ही दातांच्या डॉक्टरांकडे गेला होता, त्या दिवशी ती नळी आम्ही अंगणात, उन्हात ओतली. पंचनामा काकांच्या कपाटात आहे, आणि त्याच्यावर माझी सही आहे."